आज्ञा कोणाची, किंमत कोणाची?

आपल्याकडे व्याख्यानांत, पुरवण्यांत आणि चहाच्या टेबलावर एक वाक्य अधूनमधून ऐकू येते. ख्रिस्ती धर्म हा आज्ञेचा धर्म आणि आपला तो प्रेमाचा. तिकडे दहा आज्ञा, इकडे भक्ती. तिकडे पाद्री सांगेल ते, इकडे मन सांगेल ते. ऐकणारे माना डोलावतात, कारण वाक्य सोपे आहे आणि ते पटले तरी कोणाला काही करावे लागत नाही.

या वाक्याचा जुळा भाऊ इगर्जीच्या पायऱ्यांवर भेटतो. तिथले सद्‌गृहस्थ तितक्याच समाधानाने सांगतात, आम्ही सगळे पाळतो. रविवारची मिस्सा चुकवत नाही, नोव्हेनाला जातो, फेस्ताला वर्गणी देतो, मुलांची कोमुन्यांव वेळच्या वेळी केली. देवाला आणखी काय हवे?

पहिल्याला वाटते, जिथे आज्ञा आली तिथून प्रेम उठून गेले. दुसऱ्याला वाटते, आज्ञा पाळली की प्रेमाची पावती आपोआप फाटली. माझे म्हणणे असे की दोघेही चुकतात आणि एकाच ठिकाणी चुकतात. आज्ञा कोणाची आणि ती पाळण्याची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न दोघेही विचारत नाहीत. मी ख्रिस्ती नाही. तेव्हा या विषयात मी का पडावे, असे कोणी म्हणेल. पण ज्या प्रदेशात देवळाची आणि इगर्जीची घंटा एकाच कानाने ऐकू येते, तिथे शेजाऱ्याच्या धर्माविषयी अर्धवट बोलणे आणि अर्धवट ऐकून घेणे, दोन्ही महाग पडते. त्याची किंमत आपण चारशे वर्षे मोजली आहे.

आधी आपल्या घरापासून सुरुवात करू. भक्तीत आज्ञा नसते, असे म्हणणाऱ्याने माळ घातलेला वारकरी जवळून पाहिलेला नाही. गळ्यात तुळशीची माळ आली की मांस-मद्य सुटले, एकादशी आली, वारी आली. गोव्यातूनही पंढरपूरला पायी दिंड्या जातात. पावसात भिजत, पायाला फोड आलेले असताना चालणाऱ्या त्या माणसाला कोणी हुकूम सोडलेला नसतो. पण तो नियमाने बांधलेला असतो, आणि त्या बांधले जाण्यातच त्याचे प्रेम असते. नियम काढून घ्या, मग वारी उरणार नाही, सहल उरेल.

आणि कौल? आपल्या देवळांत लग्न ठरवण्यापूर्वी, घराचा पाया घालण्यापूर्वी देवाला पाकळ्या लावतात. गाऱ्हाणे घालायचे आणि पाकळी कुठली पडते त्यावरून देवाची मर्जी जाणायची. म्हणजे आज्ञा मागायला आपण स्वतः देवाच्या दारात जातो. गंमत पुढे आहे. पाकळी मनाविरुद्ध पडली की प्रश्न थोडा बदलून पुन्हा विचारायचा. तरी नाही पडली तर दुसरा देव, दुसरे देऊळ. मनाजोगता कौल मिळेपर्यंत हिंडणाऱ्या माणसाला देवाचा होकार हवा असतो, देव नको असतो. तेव्हा आज्ञा तिकडे आणि प्रेम इकडे, अशी वाटणी करून मोकळे होता येत नाही. आज्ञा दोन्हीकडे आहे. दोन्हीकडे ती टाळण्याच्या वाटाही आहेत.

आता ख्रिस्ती ग्रंथ काय म्हणतो ते पाहू. अखेरच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना जे सांगतो त्याचा आशय असा, की तुमचे माझ्यावर प्रेम असेल तर ते तुम्ही माझ्या आज्ञा पाळता की नाही यावरून दिसेल. आपल्याकडचे टीकाकार हे वाक्य तेवढेच उचलतात आणि म्हणतात, पाहा, प्रेमालाही अट घातली! पण या आज्ञा कोणत्या, हे वाचायला ते थांबत नाहीत. त्याच रात्री, त्याच जेवणाच्या वेळी, गुरूने कमरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतलेले असतात आणि तुम्हीही एकमेकांचे पाय धुवा असे सांगितलेले असते. एकमेकांवर प्रेम करा, ही त्या रात्रीची नवी आज्ञा. आज्ञा देणाऱ्याने ती आधी गुडघ्यावर बसून स्वतः पाळून दाखवली आहे. हा हुकुमशहाचा प्रकार नव्हे.

पुढे योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटी आणखी एक प्रसंग आहे. पेत्राने गुरूला तीनदा नाकारलेले असते. पुनरुत्थानानंतर येशू त्याला तलावाच्या काठावर तीनदा विचारतो, तुझे माझ्यावर प्रेम आहे का? पेत्र तीनदा हो म्हणतो. येशू त्यावर समाधान व्यक्त करत नाही, त्याला मिठी मारत नाही. प्रत्येक वेळी एकच काम सांगतो: माझी मेंढरे सांभाळ. प्रेमाच्या कबुलीला त्याने कामाने उत्तर दिले, आणि ते कामही स्वतःच्या सेवेचे नाही, तिसऱ्याच कोणाच्या, दुबळ्याच्या सेवेचे. दोन मुलांची गोष्टही तशीच. बाप दोघांना मळ्यात कामाला जायला सांगतो. एक म्हणतो जात नाही, पण मागाहून जातो. दुसरा म्हणतो जातो, आणि जात नाही. बापाचे मन कोणी राखले, एवढाच प्रश्न येशू विचारतो. मला वाटते, गोव्यात दोन्ही धर्मांत दुसऱ्या मुलाचे घराणे फार वाढले आहे.

पण प्रामाणिकपणे बोलायचे तर गोमंतकीय माणसाला आज्ञा हा शब्द कडू लागतो, आणि त्याला कारण आहे. तो कडूपणा कोणी उगाच पसरवलेला नाही. १५६७ साली साष्टीतली देवळे पाडली गेली. १५६० पासून १८१२ पर्यंत, मधली १७७४ ते १७७८ ही चार वर्षे सोडली तर, इथे इन्क्विझिशन होते. १७३६ साली त्याने काढलेला जाहीरनामा वाचला की देवाच्या आज्ञेची कशी यादी झाली होती ते कळते. नवख्रिस्त्यांनी अंगणात तुळस लावू नये. पुरुषांनी पुडवे नेसू नये, बायकांनी हिंदू पद्धतीची चोळी घालू नये. हिंदूंसारखा बिनमिठाचा भात शिजवू नये. लग्नात विडा-सुपारी, फुले वाटू नयेत. भातात मीठ घातले की नाही, यावर माणसाचा विश्वास मोजायचा! ज्या गुरूने पाय धुतले, त्याच्या नावाने लोकांच्या चुलीवरचे भांडे उघडून पाहिले जात होते.

त्याआधी २७ जून १६८४ रोजी व्हाइसरॉय कोंद द आल्व्होरने हुकूम काढला, की लोकांनी तीन वर्षांत आपली भाषा सोडून फक्त पोर्तुगीज बोलावे. हा हुकूम भाषेचा म्हणून आपल्याला माहीत आहे. मला त्यात धर्माची हारही दिसते. १६१६ साली राशोलला छापलेले फादर स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ आठवा. हा इंग्लंडात जन्मलेला जेजुइत १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला आणि त्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत, पुराणाच्या घाटात सांगितली. त्याच्या काळात सगळे आलबेल होते असे नाही. पाडलेल्या देवळांच्या दगडांवरच तो चालत होता. तरीही आज्ञा पाळायची तर ती आधी माणसाला कळली पाहिजे, आणि कळायची तर त्याच्या भाषेत सांगितली पाहिजे, एवढे त्याला समजले होते. सत्तर वर्षांच्या आत त्याच्याच पंथाच्या राज्याने ती भाषा बंद करायचा हुकूम काढला. समजावून सांगायचा कंटाळा आला की सत्ता हुकुमावर येते.

इथे थोडे माझ्या पोटापाण्याच्या धंद्याविषयी बोलतो, कारण आज्ञापालन हाच माझा धंदा आहे. मी सरकारी कारकून. परिपत्रक, ज्ञापन, स्मरणपत्र, अनुपालन अहवाल, यांत माझी वर्षे गेली. कागदावर पाळलेली आज्ञा म्हणजे काय ते मला चांगले ठाऊक आहे. एकच नियम दोन कारकून पाळतात. अर्जाला एक दाखला कमी असला की पहिला कारकून अर्ज परत करतो. म्हातारा तो दाखला घेऊन आला की मग सांगतो, तिकीट लावलेले नाही. तिसऱ्या खेपेला सांगतो, झेरॉक्सवर सही नाही. त्याने नियम मोडलेला नाही. त्याची फाईल तपासा, एक चूक सापडणार नाही. दुसरा कारकून पहिल्याच दिवशी पाच मिनिटे बसून काय काय लागेल ते कागदावर लिहून देतो. नियम तोच. पहिल्याने नियम पाळला तो स्वतःच्या मानेवर काही येऊ नये म्हणून, आणि त्याची किंमत म्हाताऱ्याच्या तीन खेपांनी वसूल केली. दुसऱ्याने पाच मिनिटे स्वतःच्या खिशातून घातली. धर्मातल्या आज्ञापालनाची पारखही मला याहून वेगळी वाटत नाही. आज्ञा पाळताना खर्च कोणाचा झाला ते पाहावे.

ही पारख लावायला गोव्याने एक माणूस दिला आहे. पाद्री जुझे वाझ. २१ एप्रिल १६५१ रोजी बाणावलीला, आजोळी जन्म, वडील सांकवाळचे. १६७६ साली पाद्री झाले. पुढच्याच वर्षी त्यांनी स्वतःला मरियेचा दास म्हणून लिहून दिले, रीतसर दस्तऐवज करून. आपल्या काळात दास हा शब्द ऐकला की अंगावर काटा येतो आणि तो यायलाच हवा. पण या दासाने पुढे काय केले ते पाहा.

त्यांना सिलोनला, म्हणजे आजच्या श्रीलंकेत जायचे होते. तिथे डचांनी पोर्तुगीजांना हाकलले होते, कॅथलिक पाद्रींना बंदी होती आणि हजारो कॅथलिक कित्येक वर्षे पाद्रीवाचून राहिले होते. वरिष्ठांनी मात्र त्यांना पाठवले कानडा प्रांतात. ते गेले. १६८१ ते १६८४ तिथे राहिले. तिथेही दोन चर्च-अधिकाऱ्यांत हक्कावरून भांडण जुंपले होते, आणि त्या भांडणात लोकांचे संस्कार अडू नयेत म्हणून त्यांनी समेटाची खटपट केली. परत आले ते १६८४ साली, म्हणजे ज्या वर्षी आल्व्होरने भाषेवर हुकूम काढला त्याच वर्षी. एकाच वर्षातली ही दोन आज्ञापालने शेजारी ठेवून पाहावीत. एक हुकूम लोकांच्या जिभेवर बसवायचा होता. दुसऱ्या माणसाने हुकूम स्वतःच्या पायांवर बसवला होता. हा पाद्री अनवाणीच हिंडत असे.

त्या काळी युरोपीय पंथ गोमंतकीय माणसाला आपल्या मठात घेत नसत. पाद्री होता येई, पण दुय्यम. जुने गोवे येथे काही स्थानिक पाद्रींनी एकत्र येऊन आपला मठ काढला होता. वाझ त्यात सामील झाले, १६८५ साली त्याचे प्रमुख झाले आणि त्याला ऑरेटरीच्या नियमांची शिस्त लावली. लक्षात घ्या, अन्यायाला मान तुकवणे म्हणजे आज्ञापालन, असे त्यांनी मानले नाही. तुम्ही दार उघडत नाही, ठीक आहे. आम्ही आमचे दार बांधतो. तक्रारीत आयुष्य घालवायला त्यांना सवड नव्हती.

१६८६ साली ते गोव्याहून निघाले आणि १६८७ साली भिकाऱ्याच्या, हमालाच्या वेषात जाफना भागात उतरले. पोहोचले तेच अतिसाराने अर्धमेले होऊन. डच कायद्याने कॅथलिक पाद्रीला आसरा देणे हाही गुन्हा होता. म्हणजे ज्याला आपण आज्ञाधारक म्हणतो तो माणूस पुढची वर्षे सरकारचा कायदा मोडत, रात्री घरोघर जाऊन मिस्सा करत होता. मुद्दाम सांगतो, कारण आज्ञापालन म्हणजे वर जो बसला आहे त्याचे ऐकणे, असा एक सोयीचा अर्थ राज्यकर्त्यांनी नेहमीच लावला आहे. वाझ यांनी एक आज्ञा पाळली म्हणूनच त्यांना दुसरी मोडावी लागली.

१६९२ साली ते कँडीच्या राज्यात गेले. तिथला राजा दुसरा विमलधर्मसूर्य, बौद्ध. पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांना तुरुंगात घातले. तुरुंगात ते सिंहली शिकले. पुढे राजाला खात्री पटली की हा माणूस हेर नाही. मग १६९७ साली कँडीत देवीची साथ आली. राजाने राजधानी सोडली, पैसेवाले पळाले, घरच्या माणसांनी रोग्यांना रानात नेऊन टाकले. वाझ आणि गोव्याहून नुकतेच आलेले त्यांचे भाचे पाद्री जुझे कार्व्हाल्यू तिथेच राहिले. ओस घरांत रोग्यांना आणून ठेवले, त्यांच्या जखमा धुतल्या, त्यांना भरवले, मेलेल्यांना पुरले. रोगी कोणत्या धर्माचा, हे पाहिले नाही. साथ ओसरल्यावर राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने काम करू दिले. इन्क्विझिशनने अडीचशे वर्षांत हुकुमाने जे मिळवले नाही ते, म्हणजे परधर्मीयाचा विश्वास, एका अनवाणी माणसाने वर्षभरात मिळवले.

ते पुन्हा गोव्यात आले नाहीत. चोवीस वर्षे तिथे काढून १६ जानेवारी १७११ रोजी कँडीत वारले. त्यांची कबर आज नेमकी सापडत नाही. १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी कोलंबोत त्यांना संत म्हणून जाहीर केले.

यावर आक्षेप येणार, आणि तो टाळणे बरोबर नाही. वाझ कितीही चांगले असोत, ते ज्या चर्चचे पाद्री होते त्याच चर्चने इथे इन्क्विझिशन चालवले. त्या आज्ञेचे मूळ एकच नव्हे काय? शिवाय बायबलातच शौल राजाची गोष्ट आहे. देवाला यज्ञापेक्षा आज्ञापालन अधिक आवडते, असे शमुवेल त्याला बजावतो. प्रवचनकारांचे हे फार आवडते वचन. पण ते ज्या गोष्टीत येते ती गोष्ट एका जमातीचा बायकामुलांसकट संहार करण्याच्या आज्ञेची आहे. या आधारावर उद्या कोणीही तलवार उपसून म्हणेल की मी प्रेमापोटी आज्ञा पाळतो आहे.

आक्षेप खरा आहे आणि त्याला ग्रंथातले दुसरे वचन फेकून उत्तर देता येत नाही. म्हणूनच मी किंमत कोण मोजतो हे विचारतो. आज्ञा स्वर्गातून आली असे शपथेवर सांगणारे दोन्ही बाजूंना असतात. पण आज्ञा पाळताना तुमचे घर सुटले, तुमचे पाय फाटले, तुम्हाला तुरुंग मिळाला, की शेजाऱ्याचे घर गेले, शेजाऱ्याची भाषा गेली, शेजाऱ्याच्या अंगणातली तुळस उपटली गेली, हे उघड्या डोळ्यांना दिसते. पहिल्याला मी प्रेम म्हणायला तयार आहे. दुसऱ्याला कितीही मेणबत्त्या लावा, ती सत्ताच. ज्यांनी प्रेम शिकवण्याचे निमित्त करून हुकूम चालवला त्यांच्यामुळे ज्यांनी प्रेमापोटी हुकूम पाळला त्यांना नाकारायचे, हा न्याय नव्हे.

आणि चर्चमधल्या माणसांना मी आपल्या मराठीतलेच उदाहरण देतो. पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तिथल्या सिस्टर जेराल्डीन यांची अपेक्षा, की आता बाईंनी चर्च सांगेल ते निमूट मानावे. रमाबाईंनी पत्रांतून कडाकडा वाद घातला. शाकाहार सोडला नाही. लॅटिन अक्षरांचा क्रूस नको, संस्कृत अक्षरे का नकोत, म्हणून अडून बसल्या. एका भटशाहीचे जोखड टाकून दुसरे मानेवर घ्यायला मी आलेले नाही, असा त्यांचा सूर होता. उद्धट, अहंकारी, अशी विशेषणे त्यांना मिळाली. आणि १८९६-९७ च्या दुष्काळात याच उद्धट बाई मध्य प्रांतात गेल्या, भुकेने मरायला टेकलेल्या शेकडो मुली-बायकांना घेऊन आल्या आणि केडगावला मुक्तिसदन उभे केले. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून साध्या मराठीत बायबल आणायला बसल्या. माणसांच्या हुकुमाला नाही म्हणणारी बाई देवाच्या कामाला कधी नाही म्हणाली नाही. आज्ञाधारक कोण, त्या की त्यांना गप्प बसवू पाहणारे?

आता आजच्या गोव्याकडे वळू. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ या काळात जुने गोवे येथे गोंयच्या सायबाचे शवदर्शन झाले. दर दहा वर्षांनी होते. लोक आले, रांगा लागल्या. त्या गर्दीला नावे ठेवण्याचा माझा विचार नाही. रांगेत आमचे हिंदूही असतात. पण रांगेत उभे राहणे ही देवाची आज्ञा नव्हती. देवाची आज्ञा दुसरी आहे आणि ती फार अडचणीची आहे. वेदीपाशी दान घेऊन आलास आणि आठवले की भावाचे तुझ्याविरुद्ध काही आहे, तर दान तिथेच ठेव, आधी जाऊन भावाशी समेट कर, अशा अर्थाचे येशूचे सांगणे आहे.

हे गोव्यात वाचून दाखवा. इन्व्हेंटरीच्या खटल्यात एकमेकांविरुद्ध उभे असलेले भाऊ एकाच इगर्जीत, एकाच बाकावर, दोन टोकांना बसतात. शांतीची खूण देण्याची वेळ आली की एक जण खिशात काहीतरी शोधू लागतो. कचेरीत ईश्वरसाक्ष शपथ घेऊन खोटे प्रतिज्ञापत्र करणारा माणूस बाहेर येऊन देवळासमोरून जाताना हात जोडतो किंवा खुरसासमोर हाताची खूण करतो. दोन्ही मी पाहिले आहे आणि हस्ताक्षर सारखेच असते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहत्या घराचा हक्क मिळाला. तरी घराखालची जमीन मुंडकाराच्या नावावर करायची म्हटली की भक्त भाटकाराला आजोबांची इच्छा, देवाचा कोप, वकिलाचा सल्ला असे सगळे आठवते. यात कोणता भाटकार ख्रिस्ती आणि कोणता हिंदू, हे अर्जावरचे नाव वाचल्याशिवाय कळत नाही.

जातीचेही तसेच. वाझ यांच्या मठातही ब्राह्मण ख्रिस्त्यांनाच प्रवेश मिळे, हा इतिहास आहे; संताच्या मठालाही तो डाग लागला. आजही काही गावांत कॉन्फ्रारियेत कोणी बसावे, फेस्ताचा मान कोणाचा, हे जन्मावरून ठरत आले आहे. आमच्याकडे देवस्थानांची महाजनकी जन्मानेच ठरते, तेव्हा आम्ही फार मान वर करू नये. पण ज्यांचा गुरू शिष्यांचे पाय धुवून गेला, त्यांनी निदान पवित्र गुरुवारी पाय धुण्याचा विधी पाहताना स्वतःला विचारावे, हे पाय कोणत्या वाड्यावरून आले आहेत?

मग विधी, फेस्त, नोव्हेना सोडून द्यायचे काय? मुळीच नाही. आणखी एक मतप्रवाह हल्ली आहे, देवावर प्रेम असले की पुरे, नियम कशाला? दिंडीविषयी वर म्हटले तेच यांनाही. रविवारी सकाळी उठून मिस्साला जाण्याची सवय ज्याला नाही, त्याला साथीच्या वेळी रोग्याच्या दारात जाण्याची सवय अचानक लागेल असे मला वाटत नाही. लहान आज्ञा या मोठ्या आज्ञेची तालीम आहेत. तक्रार एवढीच, की आपण जन्मभर तालमीला येतो आणि नाटकाच्या रात्री आजारी पडतो.

पुढच्या १६ जानेवारीला जुझे वाझ यांचे फेस्त येईल. सांकवाळला, बाणावलीला गर्दी होईल, फुले वाहिली जातील. ज्या ख्रिस्ती बंधूला खरोखर त्यांच्या वाटेने जायचे आहे त्याने फुले जरूर न्यावीत. पण आदल्या आठवड्यात वकिलाकडे जाऊन भावाविरुद्धचा दावा मागे घ्यावा, मुंडकाराच्या कागदावर सही करावी, घरकामाच्या बाईची थकलेली मजुरी द्यावी. आणि ख्रिस्ती धर्म म्हणजे नुसता हुकूम, असे म्हणणाऱ्या माझ्या हिंदू मित्रांनी त्याच आठवड्यात, मनाविरुद्ध पडलेला एखादा जुना कौल आठवून पाहावा, आणि तो पाळायला निघावे. पाळताना खिशाला आणि अभिमानाला काही लागले नाही, तर आपण कोणाची आज्ञा पाळतो आहोत ते दोघांनीही पुन्हा एकदा तपासून घ्यावे.